फाटका सूर

नारायणगावापासून मंचरपर्यंत यात्रा वा वरात निघाली की बेंजोचा, म्हणजे विजेवर चढवलेल्या बुलबुलतरंगाचा, सूर कर्ण्यातून फाटूनच कानी येतो. ‘यंत्रच सदोष’ म्हणून आमच्यातील जाणते त्याला संगीतातून वजा करतात. हा न्याय आम्हांस घाईचा वाटतो.

मेम्फिस येथे १९५१ साली ‘रॉकेट ८८’ हे गीत मुद्रित झाले, तेव्हा विली किझार्ट यांच्या गिटारचा ध्वनिवर्धक प्रवासात बिघडला होता. सॅम फिलिप्स यांनी त्यात कागद कोंबला आणि निघालेला घोगरा, गुरगुरता सूर झाकण्याऐवजी पुढे आणला. बिघाड दैवाचा, तो राखणे ही मात्र निवड. १९५६ साली जॉनी बर्नेट यांच्या त्रयीच्या रॉकाबिलीत तोच सूर भेटतो. १९५८ च्या ‘रंबल’साठी तर लिंक रे यांनी कर्ण्याच्या पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली, असे सांगतात. ध्वनिवर्धकास कुवतीबाहेर ताणले की स्वरलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उपजतात. म्हणजे काही हरवते, तसे काही मिळतेही.

तमाशाच्या पंढरीला हे परके वाटू नये. तुणतुण्याच्या करकरीस येथे कोणी दोष म्हणत नाही.

बेंजोवाल्यांविषयी आमची तक्रार निराळी आहे. सूर कोठे फाटावा, हे ते ठरवीतच नाहीत. हळदीच्या गाण्यालाही तोच कर्कशपणा आणि वरातीच्या नाचालाही तोच.