गाव म्हणजे कोण?

‘ग्रामीण जीवनापुढील आव्हाने’ या विषयावर अलीकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. परिसंवाद होतात, विशेषांक निघतात, साहित्य संमेलनाच्या मांडवात तर त्यावर एक चर्चा ठरलेलीच असते. ही भाषणे ऐकताना मला एकच शब्द अडतो. तो शब्द ‘गाव’. गाव ओस पडले, गावाला शहराने गिळले, गाव कर्जात बुडाले, असे वक्ते सांगतात. यातले काहीच खोटे नाही. पण हे गाव म्हणजे नेमके कोण, ते कोणी सांगत नाही. सांगण्याची गरजच त्यांना वाटत नाही. कारण गाव म्हणजे शेतकरी आणि शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस, हे समीकरण बोलणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले असते. ग्रामीण जीवनाविषयीचा आजचा सर्वांत मोठा गैरसमज मला हाच वाटतो. तो रुजवण्यात मराठी ग्रामीण साहित्याचा वाटा मोठा आहे, म्हणून तो समीक्षेचा विषय होतो.

आधी आकडे पाहू. २००१ च्या जनगणनेत देशात शेती कसणारे १२ कोटी ७३ लाख होते आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख. २०११ च्या जनगणनेत कसणारे ११ कोटी ८८ लाखांवर आले आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाखांवर गेले. म्हणजे दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस संख्येने केव्हाच पुढे गेला. मरणातही तोच पुढे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांपैकी ५,२०७ शेतकऱ्यांच्या आणि ६,०८३ शेतमजुरांच्या. तरीही आपण शब्द वापरतो तो ‘शेतकरी आत्महत्या’. मदतीसाठी चौकशी होते तेव्हा जमीन किती आणि कर्ज कोणत्या बँकेचे, हेच विचारले जाते. ज्याला जमीन नाही आणि ज्याचे कर्ज सावकाराकडे किंवा मुकादमाकडे आहे, त्याच्या मरणाला त्या कागदात रकाना नाही. गारपीट झाली की पंचनामा पिकाचा होतो आणि भरपाई हेक्टरी मिळते. बटाईने रान करणारा बहुधा तोंडी ठरावावर करतो, म्हणून पैसा जातो खातेदाराच्या खात्यावर. वेचणीचे वीस-पंचवीस दिवस ज्या बाईचे बुडाले, तिचा पंचनामा कोण करणार?

आता साहित्याकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे स्वप्नाळू नव्हते. महसूल खात्यात हयात घालवलेल्या या माणसाने गावाची घडी कुठे कुठे विस्कटली आहे, ते निष्ठुरपणे लिहून ठेवले. परंतु त्यांच्या गाड्याचा बैल कुणबी आहे, आणि कारू-नारू हे त्या बैलाच्या मानेवरचे ओझे आहे. महाराच्या बाजूने हा गाडा कसा दिसतो, हा प्रश्न त्या पुस्तकात येऊ शकला नाही. तो यायला १९७८ साल उजाडावे लागले. दया पवारांनी आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिले, ते उगाच नव्हे. गावाच्या शब्दकोशात बलुते म्हणजे देवाणघेवाण, परस्परांचा आधार, कष्टाचा वाटा. महारवाड्याच्या शब्दकोशात बलुते म्हणजे येसकराच्या पाळीला दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकरी. शब्द एकच, अनुभव दोन. या एका शब्दाची फोड करून दाखवली असती, तरी ग्रामीण समीक्षेचे बरेच काम झाले असते. तसे झाले नाही.

व्यंकटेश माडगूळकरांवर मी सरसकट आरोप करणार नाही. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये रामोशी आहे, चांभार आहे, मुलाणी आहे. आणि ती सगळी माणसे जिवंत आहेत. ‘बनगरवाडी’ (१९५५) तर माझी आवडती कादंबरी आहे. दुष्काळाने रिकामी होणारी ती धनगरांची वाडी विसरता येत नाही. पण माडगूळकर माणूस पाहतात, माणसामाणसांतला व्यवहार पाहत नाहीत. दारिद्र्य त्यांच्याकडे पावसासारखे येते, आभाळातून. ते कोणी कोणावर लादलेले आहे असे वाटत नाही. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) या बाबतीत अधिक जवळची वाटते, कारण तिचा नायक गडी आहे. ट्रॅक्टर आला, जनावरे गेली आणि नारबाचे सगळे जगच उठले, ही वेदना यादवांनी नेमकी पकडली. मात्र पुढे ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा नारबा मागे पडला आणि ‘कुणबी संस्कृती’चा शोक पुढे आला. माणूस रानातून उठला, ही हकिगत संस्कृती उठली अशी सांगितली जाऊ लागली. संस्कृतीला मजुरी द्यावी लागत नाही, हे एक सोयीचेच आहे.

या प्रतिमेचा परिणाम पुस्तकापुरता राहत नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘माझे गाव’ या विषयावर लिहायला दिले की पार, नदी, देऊळ, जत्रा आणि ‘गावात सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ हे वाक्य हटकून येते. वस्तीतून येणारी मुलेही हाच निबंध लिहितात. त्यांच्या निबंधात देवळाचा कळस असतो, त्यांचे स्वतःचे समाजमंदिर नसते. वेगळी स्मशानभूमी नसते. आईच्या विळ्याला जागा नसते. शाळेने त्यांना जे गाव शिकवले, ते त्यांच्या गावात कुठेच नाही, आणि तरीही तेच लिहिले पाहिजे हे त्यांना ठाऊक असते. अधिकाऱ्यांचीही हीच रीत. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच आहे. नाव समतानगर झाले. वस्ती गावाच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला आहे.

याच प्रतिमेचा कायद्याच्या भाषेत शिरकाव कसा होतो, याचे एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याचा निकाल दिला. प्रकरण पतियाळा जिल्ह्यातील एका गावाच्या तळ्याच्या जागेचे होते. ती जागा बळकावून घरे बांधणारे कोणी भूमिहीन नव्हते. त्यांना हटवले हे ठीकच. पण निकालाची प्रस्तावना वाचावी. अनादी काळापासून गावाची सामायिक जमीन सर्व गावकऱ्यांच्या उपयोगी पडत आली, तळ्यावर गुरे पाणी पीत, मैदानात मुले खेळत, खळी होत, रामलीला होई, स्मशान असे, अशा आशयाचे ते वर्णन आहे. एखाद्या ग्रामीण कादंबरीचे पहिले प्रकरण शोभावे! कोणाची गुरे, कोणाची मुले, कोणाचे स्मशान, हा प्रश्न तिथेही उठत नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे, म्हणजे कागदोपत्री सर्वांचे होते. तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर मार खावा लागला. नगराच्या तळ्याची ही कथा, तर खेड्यातल्या तळ्याची काय असेल? भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद निकालात ठेवला आहे, हे नमूद केले पाहिजे. परंतु गावात पोहोचतो तो निकालाचा मुख्य भाग. अपवाद वाटेत गळतो.

इथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी खेड्याचा निकाल कधीच लावला आहे, मग तुम्ही पुन्हा खेड्याचे काय घेऊन बसलात? हा आपला, म्हणजे दलित चळवळीचा आणि दलित साहित्याचा गैरसमज आहे, आणि त्यावर आपण मोकळेपणी बोलले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले, हे सर्वांना पाठ आहे. मेटकाफने १८३० साली हिंदी खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले होते. त्या गोडव्याचा त्यांनी त्या भाषणात समाचार घेतला. मात्र त्यानंतरचे म्हणणे आपण क्वचित उद्धृत करतो. मसुद्याने खेडे नाकारून व्यक्ती हा घटक मानला, याचा त्यांना आनंद होता. म्हणजे त्यांनी हक्काचा घटक म्हणून खेडे नाकारले. खेड्यात राहणाऱ्या माणसाला त्यांनी वाऱ्यावर सोडले नव्हते. महार वतनाचे विधेयक त्यांनी १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात आणले होते. ती वतने प्रत्यक्षात संपली १९५८ च्या कायद्याने. आणि १९५९ व १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झाले, ते खेड्यातल्याच माणसांच्या बळावर. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यावर मराठीत किती कादंबऱ्या आहेत, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आपल्या आत्मकथनांनी महारवाडा जगासमोर ठेवला. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) इतके वस्तीचे आतून केलेले चित्रण ग्रामीण साहित्यात मला आढळत नाही. तरी बहुतेक आत्मकथनांची वाट वसतिगृहाकडे, मिलिंद महाविद्यालयाकडे, मुंबईकडे जाते. निवेदक एस.टी.त बसतो आणि गाव भूतकाळ होते. त्यात गैर काही नाही. ज्याला सुटता आले त्याने सुटावेच. पण जो सुटला नाही त्याचे काय? त्याचे आजचे जगणे आपल्या अंकांत फार थोडे येते. ऊसतोडीचेच पाहा. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल त्या जोडीवर दिली जाते, हिशेब मुकादम नवऱ्याशी करतो. पहाटे उठून बाई फडात उतरते, मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढते, आणि हिशेबाच्या वहीत ती अर्धा कोयता असते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. कोयत्यावर केवळ दलित जात नाहीत. वंजारी, बंजारा आणि अल्पभूधारक मराठा कुटुंबेही जातात. म्हणूनच हा विषय आपला आहे. व्यक्ती हा घटक मानायचा, तर पहिला सवाल या वहीला विचारला पाहिजे. तो विचारणारी कथा ना ग्रामीण साहित्याने पुरेशी लिहिली, ना आपण.

गायरानाचेही तसेच. भूमिहीन माणसाचे नाव सातबाऱ्यावर नसते, पण तलाठ्याच्या दप्तरात ते एका ठिकाणी सापडते. गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. गावाच्या कागदात त्याला मिळालेली जागा ती हीच. पडीक गायरान फोडून त्याने ज्वारी पेरली, सरकारने दंड केला, त्याने तो भरला. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे कायम करायचे ठरले, तेव्हा ताब्याचा पुरावा म्हणून दंडाची हीच पावती उपयोगी पडली. शिक्षेचा कागद हक्काचा कागद झाला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि नोटिसा निघाल्या, तेव्हा वस्त्यांतल्या पत्र्याच्या पेट्या पुन्हा उघडल्या गेल्या. ज्यांनी पावत्या जपल्या होत्या त्यांना काही बोलता आले. ज्यांच्या पावत्या पावसात भिजल्या, उंदरांनी कुरतडल्या, किंवा ज्यांच्याकडून दंड घेऊन पावती दिलीच गेली नव्हती, ते तहसील कचेरीच्या पायरीवर बसले. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील एक-ईच्या नकला काढाव्यात. त्यात बाईचे नाव किती ठिकाणी आहे तेही पाहावे. आणि ज्यांना लिहिता येते त्यांनी त्या पायरीवर जाऊन बसावे. तिथे आजचे गाव बसलेले आहे.