काडीमागची टाचणी

परीक्षकाने एकदा दिलेला निकाल पुन्हा उकरून काढू नये, असा संकेत आहे. तो मी येथे मोडणार आहे. तीन वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातल्या एका छायाचित्र-प्रदर्शनात 'लहान जीव' या विभागाचे परीक्षण माझ्याकडे आले. छायाचित्रणातला माझा अधिकार बेताचाच. पण पुस्तकांची परीक्षणे लिहिणारा माणूस कशाचेही परीक्षण करू शकतो असा आपल्याकडे समज आहे, आणि तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा त्या वेळी माझ्या अंगी नव्हता. फुलपाखरे होती, मुंग्या होत्या, नाकतोडे होते, कोळीही होते (कोळी हा कीटक नव्हे, पण तेथे कोणी हरकत घेतली नाही). आणि जवळजवळ निम्म्या चित्रांत टाचण्या होत्या.

टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण. चतुर बसताना पंख पसरून बसतो. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. आमच्या जिल्ह्यात तिला काय तोटा! कोहळ्यांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालू लागावे, तर प्रत्येक पावलाला दोनचार टाचण्या गवतातून उठतात आणि हातभर पुढे जाऊन पुन्हा बसतात.

पहिले पारितोषिक मी ज्या चित्राला दिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. तिरपी गेलेली एक काडी, तिच्यावर पिवळीधमक टाचणी, मागे निव्वळ मऊ हिरवा रंग. अंगावर दवाचे थेंब, आणि डोळ्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत केसन्‌केस रेखीव. मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली, ती तिन्ही मला त्या एका चित्रात सापडली. काडीचा तिरपेपणा आणि देहाचा आडवेपणा यांचा विरोध, पिवळ्याहिरव्याचा संवाद, असे बरेच काही मी तेथे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

समारंभानंतर चहा घेताना तो तरुण अगदी निर्व्याज मनाने म्हणाला, "सर, बर्फाच्या पेटीत थोडा वेळ ठेवली होती. मग हलत नाही. काडीला चिकटवता येते." दव फवाऱ्याचे होते. मी विचारले, नंतर तिचे काय झाले? त्याला प्रश्न नीट कळला नाही. नंतर म्हणजे? चित्र तर झाले होते.

त्या तरुणावर रागावणे सोपे होते, आणि घरी येईपर्यंत मी ते केले. पण रात्री माझाच परीक्षणाचा कागद पुढे घेऊन बसलो तेव्हा राग टिकेना. रेखीवपणा, स्वच्छ पार्श्वभूमी, रचना, प्रकाश: माझ्या कसोट्या या चार होत्या. या चारही कसोट्यांवर गारठलेला कीटक जिवंत कीटकाच्या पुढेच राहणार. तो हलत नाही, हवी ती काडी, हवा तो पडदा, हवा तो उजेड मुकाट्याने स्वीकारतो. म्हणजे फसवणूक मला बाहेरून कोणी केली नव्हती. माझ्या सौंदर्यदृष्टीला जे हवे होते तेच त्याने आणून दिले होते.

ही दृष्टी आली कोठून? तिचे मूळ रसिकतेत कमी आणि भिंगात जास्त आहे, असे मला पुढे वाटू लागले. कीटक चित्रफलकावर जेवढ्याचा तेवढा उमटावा इतक्या जवळून चित्र घेतले, तर भिंगाचे तोंड अकरा आकड्यापर्यंत लहान करूनही रेखीव दिसणाऱ्या पट्टीची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. टाचणी तीन-चार सेंटिमीटर लांब. ती सगळी स्पष्ट हवी असेल तर कॅमेरा तिच्या कुशीशी अगदी समांतर धरायला हवा. चतुराचे पसरलेले पंख या हिशेबात बसत नाहीत. मिटल्या पंखांची, काडीसारखी सरळ टाचणी मात्र तंतोतंत बसते. म्हणून ती छायाचित्रकाराची लाडकी, आणि म्हणून तिची सगळी चित्रे एका बाजूने घेतलेली, नाण्यावरच्या राजासारखी. मागचे तळे विरघळून हिरवा रंग होतो तेही याच नियमाने. जी भिंगाची अडचण होती तिलाच आपण शैली म्हणू लागलो. अनेक चित्रे एकावर एक रचून टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट असा एकच कीटक घडवण्याची युक्ती आता सर्रास वापरली जाते. तिलाही न हलणारा कीटकच लागतो.

येथे कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ तरी काय करतात? टाचणीला टाचणीच टोचतात! खरे आहे. फ्रेझर यांनी हिंदुस्थानातल्या चतुर-टाचण्यांवर १९३३ ते १९३६ या काळात जे तीन खंड काढले, ते मेलेल्या कीटकांवरच उभे आहेत. पण संग्रहालयातला कीटक आपण जिवंत असल्याचे सोंग आणत नाही. शिवाय त्याच्याखाली चिठ्ठी असते: कोठे सापडला, कोणत्या दिवशी. टिपले आणि कोपर्डे यांनी २०१५ साली महाराष्ट्रातल्या चतुर-टाचण्यांच्या १३४ जातींची यादी प्रसिद्ध केली; अशी यादी होते ती स्थळांच्या नोंदींवर. आमच्या प्रदर्शनातल्या एकाही चित्राखाली तळ्याचे नाव नव्हते. चित्रातही नव्हते, कारण तळे विरघळलेले. ज्या बोडीवर आज टाचण्या दिसतात ती उद्या बेशरमच्या झुडपांनी भरली, तर या देखण्या चित्रांवरून कोणालाही सांगता येणार नाही की तेथे काय होते. भंडारा-गोंदियाकडच्या काही तलावांत ढीवरांनी स्वतः पाण्यात उतरून ते बेशरम उपटले आणि देशी पाणवनस्पती लावल्या. टाचणीची अंडी जातात ती अशा वनस्पतींच्या पानादेठांत. ते पान आमच्या चित्रांत कोठेच नाही.

बदामाच्या आकाराची चित्रे मात्र सात होती. नर-मादी जुळल्यावर त्यांच्या देहांचा जो आकार होतो त्याखाली 'प्रीत', 'मीलन' अशी नावे. प्रत्यक्षात नराने आपल्या शेपटाच्या चिमट्याने मादीला मानेपाशी धरलेले असते. आधीच्या नराचे बीज तो प्रथम खरवडून काढतो आणि मग आपले देतो, हे वागे या अमेरिकी संशोधकाने १९७९ साली एका जातीच्या टाचणीत दाखवून दिले. पुढे मादी पानात अंडी घालते, आणि आमच्याकडच्या पिवळ्या टाचणीत नर तिची मान न सोडता तिच्यावर काठीसारखा ताठ उभा राहतो. बदामापेक्षा हे दृश्य कितीतरी विलक्षण आहे. त्याचे एकही चित्र नव्हते, आणि असते तर मी त्याला किती गुण दिले असते, याची मला खात्री देववत नाही.

यानंतर मी कॅमेरा न घेताच बोडीवर जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. टाचणीजवळ गेले की ती दर वेळी उडतेच असे नाही. पुष्कळदा ती काडीवरच सरकून पलीकडच्या बाजूला जाते. आपण वळलो की तीही वळते. देह काडीहून बारीक, तो झाकला जातो. पण डोळे डोक्याच्या दोन टोकांना, काडीहून रुंद. ते दोन्हीकडून बाहेर राहतात आणि आपल्याकडे पाहत असतात. गारठवलेल्या टाचणीकडून नेमके हे करून घेता येत नाही.

आणि मग आठवले, की हे मी आधी पाहिले होते. त्याच प्रदर्शनात. शाळकरी मुलाने मोबाइलवर घेतलेले ते चित्र मी पहिल्याच फेरीत बाजूला काढले होते. पत्ता काढून त्याच्या गावी गेलो. मुलगा संकोचून उभा राहिला. चित्राबद्दल विचारले तर म्हणाला, "जवळ गेलं का काडीच्या मागं लपते जी." चित्र आता त्याच्यापाशी नाही, घरचा मोबाइल बदलला. प्रदर्शनातली छापील प्रत कोणी जपून ठेवलेली नाही. तेव्हा जेवढे आठवते तेवढे येथे लिहून ठेवतो.

मधोमध धानाची काडी, किंचित वाकलेली. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक हिरवट ठिपका, म्हणजे डोळे. काडीला धरलेले दोन-तीन पाय. मागे अस्पष्ट, पण ओळखू येणारी तलावाची पाळ, बांधीतले पाणी, आणि वाकून रोवणी करणाऱ्या चार-पाच बाया. उजव्या कोपऱ्यात मुलाचे बोट आले होते. माझ्या कागदावर त्याच्यापुढे लिहिले आहे: 'विषय झाकलेला.'