मळका भात आणि त्याची खरवड

अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी जेथे समुद्रास मिळते त्या लुइझियाना राज्यात, भाताचा एक प्रकार आहे. त्यास तेथील लोक ‘डर्टी राइस’, म्हणजे मळका भात, म्हणतात. पाहुण्याच्या पानात वाढावयाच्या पदार्थास असे नाव ठेवणारी माणसे एक तर फार उद्धट असली पाहिजेत किंवा फार निर्धास्त. केजन लोक निर्धास्त असावेत असे आमचे मत आहे. कोंबडीची कलेजी आणि पेटा बारीक करून भातात शिजविला म्हणजे पांढऱ्या शितांवर जो तपकिरी रंग चढतो, त्यावरून हे नाव पडले. आज मात्र पुष्कळ घरी हा भात नुसत्या गोमांसाच्या खिम्याचा होतो, आणि तोही खोक्यातून निघालेल्या तयार मसाल्यावर. या स्थित्यंतरात पदार्थाचे काय गेले आणि काय राहिले, हे पाहण्यासाठी आम्ही दोन पाठ समोर ठेवले आहेत. एक, पॉल प्रुडोम यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुइझियाना किचन’ या पुस्तकातील. दुसरा, न्यू ऑर्लिन्स येथे १८८९ साली निघालेल्या झॅटरेन कंपनीच्या ‘डर्टी राइस मिक्स’च्या खोक्यावर छापलेला. खोक्याची पाठ ग्रंथाच्या पंक्तीस बसविल्याबद्दल कोणी नाक मुरडील. पण चुलीपाशी उभे राहून जे वाचले जाते त्याचेही परीक्षण व्हावयास हवे.

केजन म्हणजे मूळचे अकेडियन. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या नोव्हा स्कोशियात वसलेले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तेथून हुसकून लावले. त्यांतील काही कुटुंबे भटकत भटकत १७६५ च्या सुमारास लुइझियानात पोहोचली, आणि १७८५ साली फ्रान्सहून आणखी सुमारे सोळाशे माणसे सात जहाजांतून तेथे आली. त्यांच्या मूळ देशात तांदूळ पिकत नव्हता. तो त्यांना लुइझियानात भेटला. आणि लुइझियानात तो आणला आफ्रिकेतील माणसांनी. गुलाम भरून १७१९ साली तेथे लागलेल्या पहिल्या जहाजांना भाताचे बियाणे आणि भातशेती जाणणारी माणसे आणण्याची आज्ञाच होती. पुढे केजन शेतकरीही सखल, पाणथळ जागी दाणे फेकून पावसाची वाट पाहू लागले; या पिकास ‘प्रॉव्हिडन्स राइस’, म्हणजे देवभरोशाचा तांदूळ, असे नाव होते. तेव्हा ज्यास आज सरसकट ‘केजन’ ही चिठ्ठी लाविली जाते त्या भातात निम्म्याहून अधिक हात काळ्या माणसांचे आहेत. जनावराचे चांगले मांस मालकाकडे जावे आणि आतडी, काळीज, पेटा मजुराच्या वाट्यास यावा, ही रीत ज्या समाजात होती तेथेच अशा पदार्थाचा जन्म संभवतो. मळ म्हणून जे दिसते ते गरिबीचे हिशेब आहेत.

आता गोमांसाविषयी. आमच्या बहुतेक वाचकांस हा शब्द ओलांडून पुढे जाणे कठीण वाटेल. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्रस्तुत पदार्थासही गोमांस अत्यावश्यक नाही. प्रुडोम यांच्या पाठात त्याचा मागमूस नाही: अर्धा पौंड पेटा, पाव पौंड डुकराचा खिमा, एक तृतीयांश पौंड कलेजी. यावरून शुद्धिवादी टीकाकार असा निकाल देतात की खिम्याचा भात हा भ्रष्ट भात होय. हा निकाल आम्हांस मान्य नाही. लुइझियानात आलेल्या पहिल्या अकेडियनांच्या एका टोळीने १७६५ साली एका जमीनदाराशी जो करार केला तो गुरे पाळण्याचाच होता; त्या गवताळ मुलुखात गाय-बैल परके नव्हेत. जेथे बर्फाचे कपाट नव्हते तेथे एवढे मोठे जनावर मारून त्याचे ताजे मांस टिकविणे दुर्घट, म्हणून घरगुती जेवणात डुक्कर आणि कोंबडी पुढे राहिली, इतकेच. पुढे शीतकपाट आले, बाजारात खिमा आयता मिळू लागला, आणि गृहिणीने तो उचलला. जो पदार्थ हाताशी असेल त्यावरच जन्मला, त्याला तू हाताशी असलेले घेऊ नकोस असे बजावणे हा शुद्धपणा नव्हे. ती इतिहासाची गैरसमजूत आहे. शंका घ्यावयाचीच तर दुसऱ्या कारणासाठी घ्यावी. कलेजी आणि पेटा यांची हकालपट्टी चवीने केली की लाजेने? घरात पैसा खेळू लागला म्हणजे आजोबांचे जेवण मुलांना ओशाळवाणे वाटते, हे काही एका देशाचे वैशिष्ट्य नाही. नाव ‘मळका’ ठेवावयाचे आणि मळ तेवढा काढून टाकावयाचा, यात थोडी लबाडी आहे खरी.

परंतु घटकांची यादी म्हणजे पाककृती नव्हे. प्रुडोम यांचा पाठ वाचताना आमचे लक्ष वारंवार एकाच गोष्टीकडे गेले. पेटा आणि खिमा मोठ्या आचेवर परतावयाचा. मसाला, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि लसूण घालावयाचा, आणि तळ नीट खरवडावयाचा. लोणी घालून, आच उतरवून पुन्हा सारखे ढवळावयाचे, पुन्हा तळ खरवडावयाचा. मग मांसाचे पाणी ओतावयाचे, आणि तळाशी चिकटलेले सुटेतो ढवळावयाचे. तीनदा तीच आज्ञा! सामान्य लेखक असता तर त्याने पुनरुक्ती टाळली असती. येथे पुनरुक्ती हेच मर्म आहे. बिडाच्या जड भांड्याच्या तळाशी मांसाचा रस आटून, करपण्याच्या अलीकडे जो तपकिरी थर बसतो, तो कांदा-सेलरीच्या ओलाव्याने सुटतो, पुन्हा बसतो, पुन्हा सुटतो. भाताचा रंग या खरवडीचा आहे, चवही तिचीच. कलेजीने तीत भर घातली, तिची जागा घेतली नाही.

दुसरी एक गोष्ट सहज नजरेतून सुटण्यासारखी आहे. पेटा पाठाच्या पहिल्या ओळीत पडतो आणि कलेजी जवळजवळ शेवटल्या, तांदळाच्या आधी जेमतेम दोन मिनिटे. एकाच पक्ष्याचे दोन अवयव पाठाच्या दोन टोकांना का? पेटा हा जन्मभर दाणे दळणारा स्नायू. तो चिवट, त्याला वेळ हवा. कलेजी अतिशिजली की रवाळ आणि कडवट होते. हा क्रम ज्याने लावला त्याने पुस्तके वाचून लावला नाही. प्रुडोम हे ओपेलूसस गावाजवळच्या, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या शेतकऱ्याच्या तेरा मुलांतील धाकटे. आईच्या हाताखाली ते स्वयंपाक शिकले, आणि ते त्यांच्या वाक्यावाक्यांतून दिसते.

खोक्याचा पाठ याच्या शेजारी ठेवला म्हणजे त्याचे दारिद्र्य ध्यानात येते. तांदूळ, सुकविलेला कांदा-लसूण आणि मसाले आत भरलेलेच आहेत. आपण एक पौंड खिमा आणावयाचा, मग तो गाईचा असो, डुकराचा असो की टर्कीचा. तो परतावयाचा, पाणी घालून सर्व एकत्र उकळावयाचे, आणि झाकण ठेवून पंचवीस मिनिटांनी उतरावयाचे. अन्न म्हणून ते वाईट नाही. कामावरून थकून आलेल्या माणसास हिणवण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण या पाठाला तळ नाही. जे काम वेळाने आणि उलथन्याने व्हावयाचे ते येथे मिठाने आणि भुकटीने उरकले आहे. ‘तळ खरवडा’ हे दोन शब्द छापावयास त्या खोक्यावर जागा पुष्कळ होती. आणि या दोषाचा थोडा वाटा प्रुडोम यांच्या कीर्तीकडेही जातो. त्यांच्या पुस्तकाच्या यशानंतर ‘केजन’ हा शब्द जिकडे तिकडे चिकटविला जाऊ लागला, आणि केजन म्हणजे तिखट अशी समजूत रूढ झाली. त्यांच्या मसाल्यात मिरचीबरोबर मोहरी, जिरे, थाइम, ओरेगॅनो इतकी गर्दी आहे की उतावळ्या वाचकाला मसाला हीच पाककृती वाटावी. खोक्याच्या लेखकाला तसे वाटलेच.

मग घरी नुसता गोमांसाचा खिमा असेल तर मळका भात होऊ शकतो काय? होतो, आणि चांगला होतो. खिम्याचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. तो भांड्यात पडताच पाणी सोडतो, आणि त्या पाण्यात करडा होऊन उकडतो. बहुतेक जण येथेच थांबतात. पाणी आटून चरचर पुन्हा ऐकू येईपर्यंत थांबावे, नंतर थोडा वेळ उलथन्याला हात लावू नये, तळ धरू द्यावा. पुष्कळ घरगुती पाठांत खिम्याची चरबी सगळी निथळून टाकावयास सांगतात; फार असल्यास थोडी काढावी, पण कांदा, सेलरी आणि मिरची परतण्यापुरती ठेवलीच पाहिजे. दोनतीन कलेज्या अगदी बारीक चिरून शेवटी घातल्या तर पूर्वजांचा मानही राहतो आणि लाजाळू पाहुण्यास पत्ताही लागत नाही.

राहता राहिला तांदूळ. प्रुडोम कच्चा तांदूळ त्याच भांड्यात घालतात, आणि तो शक्यतो ‘कन्व्हर्टेड’, म्हणजे आपल्या कोकणातील व गोव्यातील उकड्या तांदळाच्या जातकुळीचा, असावा असे म्हणतात. शीत मोडत नाही हा त्याचा गुण. उलट, केजन घरांतून ज्यास ‘राइस ड्रेसिंग’ म्हणतात त्यात मांस वेगळे शिजवून मोकळा भात मागाहून कालवितात. घरासाठी आम्ही ही दुसरी रीत पसंत करू. प्रुडोम यांच्या मापात एक पौंडाहून थोडे अधिक मांस आणि तांदूळ अवघा पाऊण कप आहे. हा खानावळीचा थाट झाला. तेरा मुलांच्या घरात हे प्रमाण खचित उलटे असले पाहिजे. निवलेला भात हाताशी असला म्हणजे तो मुठीमुठीने घालीत, रंग पाहत, खरवड जेवढ्या शितांना पुरेल तेवढ्यावर थांबता येते.