घडणावळ आणि गल्ला

हाताने घडवलेल्या रोड बाइकच्या फ्रेमबद्दल वाचायला घेतलं की कुणी ना कुणी रॉबर्ट पेनचं पुस्तक सुचवतंच. 'इट्स ऑल अबाउट द बाइक', २०१०. वकिली सोडून सायकलवरून जग फिरून आलेला हा ब्रिटिश लेखक. घरात सायकली आहेत, पण मनासारखी एकही नाही, म्हणून तो आयुष्यभर पुरेल अशी एक सायकल बनवून घ्यायचं ठरवतो. प्रत्येक भाग जिथे बनतो तिथे स्वतः जातो. फ्रेम इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला, ब्रायन रॉर्क यांच्याकडे. हँडल इटलीतल्या चिनेलीचं, गिअर विचेन्झाच्या कँपान्योलोचे, हेडसेट पोर्टलंडच्या क्रिस किंगचा. चाकं कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सला विणून घेतलेली, टायर जर्मनीतल्या कोर्बाखचे, सीट बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकमधल्या ब्रूक्सची. त्या प्रवासात तो सायकलचा सगळा इतिहास सांगत जातो, आणि फार सुरेख सांगतो. मी हे पुस्तक दोनदा वाचलंय आणि तीन मित्रांना वाचायला लावलंय.

तरीही दुसऱ्या वाचनात एक गोष्ट खटकायला लागली, आणि ती खटकली कारण तोवर मी स्वतः अशा फ्रेमच्या चौकशीला लागले होते. या पुस्तकात घडवणारे भरपूर आहेत. विकणारा कुठेच नाही. पेन थेट कारखान्याच्या दारात उभा राहतो, दार उघडतं, आतला माणूस प्रेमाने बोलतो आणि वस्तू तयार होते. कुणी टोलवत नाही, कुणी खोटी तारीख देत नाही, कुणाची फ्रेम जोडावर तडकत नाही. वारीला निघालेल्या माणसाला वाटेत सगळे माऊलीच भेटावेत, तसं. पण लाखाच्या वर पैसे मोजून, समुद्रापलीकडच्या माणसाकडून, कधीही न पाहिलेली वस्तू मागवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच: मधल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नावर पुस्तक गप्प आहे. निदान पहिल्या वाचनात तसं वाटतं.

न दिसणारा जोड

प्रश्न एवढा अवघड का, हे समजून घेऊ. स्टीलच्या चांगल्या फ्रेममधली नळी 'बटेड' असते: दोन्ही टोकांना जाड, मधे पातळ. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने याचं पेटंट १८९७ साली घेतलं. जिथे जोड येतो तिथे धातू जास्त ठेवायचा, बाकी ठिकाणी वजन कमी करायचं, अशी ती युक्ती. या नळ्या लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या बाहीत, बसवतात आणि पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळवून जोडतात. ज्योत गरजेपेक्षा जास्त वेळ धरली तर पातळ नळी कमकुवत होते. कमी धरली तर वितळलेला धातू सांध्यात पूर्ण शिरत नाही. आणि वरून रंग चढला की यातलं काहीही दिसत नाही.

नळीवर स्टिकर असतो. रेनॉल्ड्स ५३१, १९३५ पासूनचा मान्यवर. किंवा मिलानच्या कोलंबसचं कबूतर. पण तो स्टिकर नळीबद्दल बोलतो, जोडाबद्दल नाही. आपल्याकडच्या कुणाही बाईला हा फरक सांगावा लागणार नाही. सोन्याचा कस शिक्क्यावरून कळतो, घडणावळ कळत नाही. म्हणूनच तर प्रत्येक घराचा एक सोनार असतो आणि आजीने नेमलेला सोनार नात सहसा बदलत नाही.

फ्रेमवरचं नावही घडणाऱ्या हाताचं असेलच असं नाही. इटलीत ही जुनी रीत आहे. संघाचा प्रायोजक एक, रंग त्याचा, अक्षरं त्याची आणि फ्रेम घडवलेली दुसऱ्याच कुणी. २०१८ साली वारलेला दारिओ पेगोरेत्ती हा त्यातला सगळ्यात आदराने घेतला जाणारा कारागीर. स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होण्याआधी त्याने मिगेल इंदुराइनसारख्यांसाठी दुसऱ्यांच्या नावाखाली फ्रेमा घडवल्या. तिथे फसवणूक होती असं मी म्हणत नाही. उलट फ्रेम उत्तमच होती. पण नाव वाचून हात ओळखता येत नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

ज्या सिनेमात डीलर आहे

पेनच्या पुस्तकात नसलेला माणूस मला एका सिनेमात सापडला. 'ब्रेकिंग अवे', १९७९. दिग्दर्शक पीटर येट्स. स्टीव्ह टेसिचला याच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. सायकलवेड्यांचा हा लाडका सिनेमा. इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा डेव्ह नावाचा मुलगा इटालियन रेसरांच्या एवढा प्रेमात आहे की घरात इटालियन झोकात बोलतो, ऑपेरा गातो, मांजराला फेलिनी म्हणतो. त्याची सायकल लाल रंगाची मासी. फालिएरो मासीचं वर्कशॉप मिलानच्या विगोरेल्ली व्हेलोड्रोमच्या पोटात होतं. रोड फ्रेमच्या जगात त्याहून पवित्र पत्ता शोधून सापडणार नाही. पण सिनेमा आला तोवर कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादलाही मासी नावाने फ्रेमा बनत होत्या. म्हणजे त्या काळी अमेरिकेत मासी घेणाऱ्याने नळीवरचं नाव वाचून भागणार नव्हतं. ही कुठली आणि कुणाच्या हातची, हे विचारायला समोर भरवशाचा दुकानदार हवा होता.

या सिनेमावर लिहिणारे बहुतेक जण सायकलबद्दल लिहितात. मला मात्र तो डेव्हच्या बापाचा सिनेमा वाटतो. पॉल डूली या नटाने तो अप्रतिम उभा केला आहे. हा बाप जुन्या गाड्यांचा डीलर आहे. गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठातली श्रीमंत मुलं. एकदा एक मुलगा बंद पडलेली गाडी घेऊन परत येतो. डेव्ह म्हणतो, पैसे परत करू या. 'रिफंड' हा शब्द ऐकून बापाचा जीव वर-खाली होतो आणि तो खरोखरच छातीला हात लावून कोसळतो. प्रेक्षक हसतात. मीही हसले.

जुन्या गाड्याच का? त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९७० मध्ये, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच धंदा उदाहरण म्हणून घेतला होता. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना खोड असेल असं धरून कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात. पुढे २००१ मध्ये त्याला दोघांबरोबर नोबेल मिळालं. रंगाखाली झाकलेला जोड आणि बॉनेटखाली झाकलेली खोड, दोन्हीकडे गणित एकच आहे.

पण टेसिचची पटकथा इथे थांबत नाही, आणि म्हणून मला ती थोर वाटते. हा बाप पूर्वी दगड घडवणारा होता. ब्लूमिंग्टनच्या खाणीतला चुनखडक कापून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी विद्यापीठाच्या इमारती उभ्या केल्या. एका रात्री तो मुलाला त्या इमारतींपाशी नेतो. आपण घडवलेल्या दगडाचा अभिमान त्याच्या आवाजात आहे, आणि इमारती पूर्ण झाल्यावर त्या आपल्यासाठी नाहीतच असं वाटू लागलं, ही सलही आहे.

म्हणजे घडवताना सचोटीचा असलेला माणूस विकताना लबाड झाला. हात तेच. कारागीर म्हणजे साधू आणि डीलर म्हणजे चोर ही वाटणी, जी पेनच्या पुस्तकाने न बोलता गृहीत धरली आहे, ती टेसिच मोडून टाकतो. काय बदललं? दगड ज्या गावात लागला त्याच गावात तो राहत होता, रोज येता-जाता तो दगड त्याच्याकडे बघणार होता. गाडी घेणारी पोरं मात्र चार वर्षांत निघून जाणार. ज्याला पुन्हा तोंड दाखवायचं नाही, त्याला फसवणं सोपं.

डेव्हही मग हे शिकतो, आणि आपल्या दैवतांकडूनच. इटालियन संघ गावात येतो. डेव्ह त्यांच्या बरोबरीने सायकल मारतो, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलतो, आणि त्यांच्यातला एक जण त्याच्या चाकात पंप खुपसून त्याला पाडतो. ब्रँडची भक्ती करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग बघून घ्यावा.

पट्टी कुणाकडे

आता पुन्हा पेनकडे. सिनेमा पाहून मी स्टोक-ऑन-ट्रेंटचं प्रकरण परत वाचलं, तेव्हा आधी नजरेतून निसटलेलं काहीतरी दिसलं. तिथे बापलेक आहेत. ब्रायन रॉर्क स्वतः रेसर होते, ते पेनचं माप घेतात. फ्रेम घडवतो तो त्यांचा मुलगा जेसन. ब्रायन पेनला बसवून बघतात, प्रश्न विचारतात, पुन्हा बघतात. पेनचा विश्वास बसतो तो इथे. ज्योत पेटायच्या कितीतरी आधी.

हे काम कुणाचं आहे? दुकानदाराचं. रॉर्क यांचं ते दुकानही आहेच. म्हणजे पुस्तकात डीलर होता, सगळ्यात चांगल्या प्रकरणात होता, फक्त लेखकाने त्याला कारागिरांच्या पंक्तीत बसवून टाकलं. पुस्तकाची ही मोठी उणीव आहे, कारण बहुतेक वाचकांना जेसन कधीच भेटणार नाही. त्यांना भेटणार तो ब्रायनच्या जागी उभा असलेला कुणीतरी. कारागीर हजारो किलोमीटर दूर असला की मापाची पट्टी डीलरच्या हातात येते, आणि मापाबरहुकूम फ्रेममध्ये पट्टी हेच पहिलं हत्यार. तिथे एक सेंटिमीटर चुकलं, तर जगातला सर्वोत्तम कारागीर ती चूक अत्यंत सुबकपणे स्टीलमध्ये उतरवून देईल.

पुण्यात महागड्या सायकली ठेवणाऱ्या एका दुकानात मी गेले, तर त्यांनी माझी उंची विचारली, फोनमध्ये टाकली आणि म्हणाले, "फिफ्टी-टू बसेल मॅडम. पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स." संपलं. मी आठवड्याला किती किलोमीटर चालवते, पाठ दुखते का, घाटात बसून चढते की उभं राहून, यातलं काही नाही. दुसऱ्या, लहानशा दुकानातल्या काकांनी सांगितलं, "आधी तुमची आत्ताची सायकल घेऊन या ताई." आणली. त्यांनी सीटची उंची मोजली, हँडलपर्यंतचं अंतर मोजलं, मला ट्रेनरवर वीस मिनिटं चालवायला लावली आणि बाजूने बघत बसले. मग म्हणाले, "तुम्हाला कस्टम लागत नाहीये. स्टेम बदला, सहा महिने चालवा, मग बोलू." त्यांचं त्या दिवशीचं उत्पन्न एक स्टेम. माझी ऑर्डर अजून गेलेली नाही, पण गेलीच तर कुणामार्फत जाईल हे ठरलं आहे.

त्या काकांशी बोलताना कळलं की चांगल्या डीलरला अवघड प्रश्न आवडतात. माझ्या मापाचं ड्रॉइंग कागदावर मिळेल का? त्यात कोन, स्टॅक, रीच लिहिलेले असतील का? हा कोन असाच का? रंगानंतर बॉटम ब्रॅकेटचे आटे कोण साफ करणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं: माप चुकलं तर भुर्दंड कुणाचा? मापाबरहुकूम वस्तू परत घेत नाहीत, त्यामुळे डेव्हच्या बापाला घेरी आणणारा तो शब्द इथे पैसे देण्याआधीच उच्चारायला हवा, आणि उत्तर लेखी घ्यायला हवं. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरती असते आणि विकणाऱ्यामार्फतच मागावी लागते. डीलर गेला की तीही गेल्यातच जमा.

फ्रेम हातात आली की एक तपासणी घरीच होते. मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांपैकी एकीला दोरा बांधा, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणा आणि ताणून बांधा. आता मधल्या सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. सारखं आलं तर फ्रेम त्या रेषेत सरळ आहे. जोडाच्या आतलं यातून कळणार नाही, पण डीलरबद्दल बरंच कळेल. चांगला डीलर तुम्ही दोरा काढायच्या आत स्वतःचा दोरा काढतो.

पेनचं पुस्तक वाचाच. सायकल या वस्तूवर असं प्रेमाने आणि माहितीने लिहिलेलं फार थोडं आहे. पण त्यातून एक चुकीची सवय लागू शकते: कारागिराच्या गोष्टीवर भाळून, ती गोष्ट आपल्याला सांगणाऱ्या माणसाची चौकशीच न करण्याची. त्यावर उतारा म्हणून 'ब्रेकिंग अवे' शेवटपर्यंत बघा. शेवटी बापाच्या दुकानाची पाटी बदललेली आहे. विद्यार्थ्यांना भुलवणारं आधीचं नाव गेलं आणि दगड घडवणाऱ्यांना गावात ज्या हेटाळणीच्या नावाने हाक मारत, ते 'कटर' पाटीवर आलं. आणि तो जुन्या गाड्यांचा डीलर रस्त्यावर सायकल चालवताना दिसतो. तो आता प्रामाणिक झाला का, हे सिनेमा सांगत नाही. पण तो गिऱ्हाइकांच्याच रस्त्यावर आला आहे, आणि उद्या त्यांच्यापैकी कुणीही त्याला तिथे गाठू शकतं.