मानवी क्लोनिंगबंदीचा कायदा आणि धार्मिक युक्तिवाद : मिसूरी राज्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : ‘डॉली’ या मेंढीच्या जन्माची वार्ता फेब्रुवारी १९९७ मध्ये जाहीर झाली आणि मानवी क्लोनिंगवर कायद्याने बंदी असावी, या मागणीने अमेरिकेत जोर धरला. संपूर्ण बंदीची विधेयके प्रतिनिधिगृहाने २००१ व २००३ मध्ये संमत केली. परंतु सिनेटमध्ये ती अडली. त्यामुळे हा वाद राज्यांच्या पातळीवर लढवला गेला. त्यात ख्रिस्ती धर्मसंस्था अग्रभागी होत्या. त्यांच्या युक्तिवादाचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमिकेचे स्वरूप : कॅथलिक धर्मपीठाची भूमिका डॉलीच्याही आधीची आहे. १९८७ च्या ‘दोनुम विते’ या निवेदनातच क्लोनिंग अनैतिक ठरवले गेले होते. या भूमिकेत दोन स्वतंत्र आक्षेप आहेत. पहिला असा की, दांपत्यसंबंधाविना जन्मणारे अपत्य हे ‘दान’ न राहता ‘उत्पादन’ बनते. दुसरा असा की, मूलपेशींसाठी भ्रूण नष्ट करणे म्हणजे मनुष्यहत्या होय. पहिला आक्षेप क्लोन केलेले मूल जन्माला घालण्यास लागू पडतो. दुसरा प्रामुख्याने संशोधनास. पहिल्याच्या निष्कर्षाशी निधर्मी विचारवंतही बव्हंशी सहमत होतात. दुसरा मात्र ‘भ्रूण प्रथम क्षणापासून मनुष्यच असतो’ या गृहीतकावर उभा आहे.

मिसूरीतील संघर्ष : नोव्हेंबर २००६ मध्ये मिसूरीच्या मतदारांपुढे दुसऱ्या क्रमांकाची घटनादुरुस्ती आली. तिने मानवी क्लोनिंगवर बंदी घातली. पण क्लोनिंग म्हणजे असा भ्रूण गर्भाशयात रोपणे, अशी व्याख्या केली. प्रयोगशाळेतील केंद्रकरोपण त्यामुळे बंदीबाहेर राहिले. कॅथलिक व बाप्टिस्ट संघटनांनी तीव्र विरोध केला. बंदीच्या नावाखाली क्लोनिंगलाच घटनात्मक संरक्षण मिळत आहे, हा त्यांचा आरोप होता. सुमारे ५१ टक्के मतांनी दुरुस्ती संमत झाली.

चिकित्सा : व्याख्येवरील हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या रास्त होता. केंद्रकरोपणाची क्रिया दोन्ही हेतूंसाठी एकच असते. फरक पुढील वापरात असतो. ही बाब समर्थकांनी सोयीस्करपणे झाकली, असे म्हणावे लागते. परंतु विरोधकांचाही व्यवहार निर्दोष नव्हता. ‘क्लोन’ या शब्दाभोवतीची भीती क्लोन केलेल्या बालकाविषयीची आहे. तिच्या आधारे भ्रूणाविषयीचा आपला सिद्धांत मान्य करवून घेण्याचा प्रयत्न त्यांनी केला. म्हणजे एका आक्षेपाला मिळालेली संमती दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली.

या वादाला ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असे रूप देणेही सदोष ठरेल. दुरुस्तीच्या प्रमुख समर्थकांपैकी जॉन डॅनफर्थ हे माजी रिपब्लिकन सिनेटर स्वतः एपिस्कोपल पंथाचे दीक्षित धर्मगुरू होते. श्रद्धावंतांनी कायद्याची मागणी करू नये, हे मत लोकशाहीत टिकणारे नाही. प्रश्न इतकाच की, मांडलेले कारण श्रद्धेबाहेरच्या नागरिकालाही तपासता येते काय? स्त्रीबीज मिळवताना स्त्रियांना घ्याव्या लागणाऱ्या संप्रेरकांचा धोका हा विरोधकांचा मुद्दा या कसोटीस पूर्णतः उतरतो. तो प्रचाराच्या केंद्रस्थानी असता, तर चर्चा अधिक सकस झाली असती.

समारोप : हीच कोंडी संयुक्त राष्ट्रसंघातही दिसली. मार्च २००५ मध्ये तेथे ८४ विरुद्ध ३४ मतांनी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा संमत झाला. क्लोनद्वारे अपत्यजन्माला विरोध असूनही भारताने त्याविरुद्ध मत दिले, कारण त्यात संशोधनही गोवले जात होते. सारांश, क्लोनिंगबंदीच्या कायद्यातील खरा वाद भ्रूणाच्या नैतिक दर्जाचा आहे. तो उघडपणे मांडण्याऐवजी व्याख्येच्या आड लपवला गेला, की कायदा संमत होतो. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. या दोषाची जबाबदारी धर्मसंस्था व संशोधनसमर्थक या दोघांनाही टाळता येणार नाही.