समनामक स्थळें आणि आपलें इतिहासलेखन

मराठ्यांच्या इतिहासावरील एखादें पुस्तक वाचतांना ‘माहुली’ हें नांव आलें, कीं कऱ्हाड-साताऱ्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें कृष्णा-वेण्णेचा संगम उभा राहतो. घाटाच्या पायऱ्या, काळ्या दगडाचीं देवळें, ताराबाईंची समाधि, रामशास्त्री प्रभुण्यांचें गांव. दुसरी माहुली त्याला सहसा ठाऊक नसते. ठाण्याकडील वाचक तेंच नांव वाचून शहापुराजवळचा सुळक्यांचा डोंगरी किल्ला मनांत आणतो. दोघेही आपापल्या जागीं बरोबर आहेत. १६३६ सालीं मोंगल व आदिलशाही फौजांनीं शहाजीराजांस ज्या माहुलींत कोंडलें ती किल्ल्याची माहुली. आणि १८१७ च्या ऑगस्टांत दुसऱ्या बाजीरावाची व सर जॉन माल्कमची भेट झाली ती संगमाची माहुली. पहिल्या माहुलीच्या तहानें निजामशाही संपली. दुसऱ्या माहुलीच्या भेटीनंतर वर्षाच्या आंत पेशवाई बुडाली. दोन्ही प्रसंग वाटाघाटीचे आणि दोन्ही राज्यनाशाशीं लागलेले. अशा वेळीं ग्रंथकर्त्यानें नुसतें ‘माहुली’ म्हणून पुढें जावें, हें वाचकाला आडवाटेस लावून देण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं संदर्भावरून सारें कळतेंच. प्रत्येक नांवामागें तालुका व जिल्हा लावीत बसल्यास गद्य रुक्ष होईल. परंतु संदर्भ कळतो तो लेखकाला. ज्याला विषय आधींच ठाऊक आहे त्याच्यासाठीं पुस्तक लिहावयाचें नसतें. ‘कोरेगांवची लढाई’ हें शब्द सातारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यानें वाचले, तर त्याला आपल्या तालुक्याचें कोरेगांव आठवणें स्वाभाविक आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई भीमेकांठच्या कोरेगांवास झाली, हें त्याला कोणीतरी सांगितलें पाहिजे. त्याच सालच्या फेब्रुवारींत बापू गोखले पडले तें आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील. १९४२ च्या ऑगस्टांत जेथें लोक पोलिसठाण्यावर चालून गेले व गोळीबारांत माणसें पडलीं तें आष्टी वर्धा जिल्ह्यांतील. बीड जिल्ह्यांत आणखी एक आष्टी आहेच, आणि सांगलीच्या वाळवें तालुक्यांत आष्टा. ‘आष्टीचे वीर’ असा मथळा देणाऱ्यानें एका शतकाहून अधिक अंतरावरील दोन बलिदानें एका शब्दांत कोंबलेलीं असतात.

गांवांचीं नांवें अशीं परत परत कां येतात, याचें उत्तर अवघड नाहीं. आमच्या पूर्वजांनीं नांव ठेवितांना इतिहासकाराची सोय पाहिली नाहीं. समोर जें दिसलें तें सांगितलें. वड होता तेथें वडगांव झालें, पिंपळ होता तेथें पिंपळगांव. ही रीत आपलीच आहे असेंही नाहीं. आयर्लंडांत साठ हजारांहून अधिक लहान लहान जमिनी स्वतंत्र नांवांनीं ओळखल्या जातात, आणि त्यांत एकेक नांव अनेकदां येतें. तेथील सरकारी मोजणी १८२४ सालीं सुरू झाली, तेव्हां जॉन ओडोनोव्हन नांवाचा पंडित गांवोगांव हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांस नांवांचा उच्चार व अर्थ विचारीत असे. पुढें पी. डब्ल्यू. जॉइस यानें १८६९ पासून आयरिश स्थलनामांवर ग्रंथ लिहून एकसारख्या नांवांचे गट लावले. मीथ परगण्यांतील ‘तारा’ ही प्राचीन राजांची टेकडी जगप्रसिद्ध आहे. परंतु वेक्सफर्डकडेही तारा नांवाची टेकडी आहे. जॉइसच्या मतें त्या नांवाचा अर्थच मुळीं दूरवर दृष्टि पोंचेल अशी उंच जागा. मग तें एकाच टेकडीचें राहील कसें? प्रसिद्ध तारेचा इतिहास दुसरीच्या माथीं मारूं नये, आणि प्रसिद्ध तारेमुळें दुसरी विसरूंही नये, हे दोन्ही धडे त्या एका उदाहरणांत आहेत.

आपल्याकडे या कामाचें साधन नाहीं असें नव्हे. कँबेलच्या देखरेखीखालीं निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर अजून आपल्या स्थलेतिहासाचे पायाभूत ग्रंथ आहेत. प्रत्येक स्थळ तालुक्याच्या ठाण्यापासून किती मैल, कोणत्या दिशेस, हें त्यांत नेमकेपणानें दिलें आहे. ती शिस्त आमच्या पुष्कळ गांवेतिहासांत आजही आढळत नाहीं. तथापि त्या रचनेंत एक उणीव राहून गेली. ठाण्याच्या स्थलवर्णनाचा खंड १८८२ चा, साताऱ्याचा १८८५ चा. प्रत्येक जिल्हा आपापल्या बांधांत बंदिस्त असल्यामुळें दोन माहुली एका पानावर कधींच भेटत नाहींत. १९६३ सालीं साताऱ्याचें गॅझेटियर नव्यानें निघालें, तेंही जिल्ह्यापुरतेंच. राजवाड्यांनीं ग्रामनामांतून वसाहतीचा इतिहास शोधण्याची वाट दाखविली. पण त्यांची दृष्टि व्युत्पत्तीवर होती. एकाच व्युत्पत्तीचीं दोन गांवें इतिहासांत वेगळीं कशीं ओळखावीं, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचें गांभीर्य पाहावयाचें तर पन्हाळ्याचें उदाहरण घ्यावें. शिलाहारांचा इतिहास वाचतांना ‘प्रणालक’ हें नांव भेटलें, कीं मन तत्काळ कोल्हापूरच्या पन्हाळ्याकडे धांवतें. तेथें दुसऱ्या भोजाचा किल्ला आहे, आणि भोज शिलाहारच होता. नांव जुळलें, वंशही जुळला. आतां शंका कसली? परंतु शिलाहारांचीं घराणीं एकाहून अधिक होतीं. उत्तर कोंकणच्या घराण्यांतील अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याचा शके १०६१, म्हणजे इ. स. ११३९ चा ताम्रपट दापोली तालुक्यांतील पन्हाळें येथें मिळाला, आणि त्यांतील प्रणालक हें कोटजाई नदीकांठचें तें खेडें ठरलें. तेथें एकोणतीस लेणीं आहेत. आरंभीं बौद्ध असलेल्या त्या ठिकाणीं पुढें नाथपंथीयांची वस्ती झाली. म. न. देशपांडे यांचा या लेण्यांवरील ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां कोठें हें स्थळ अभ्यासकांच्या नीट दृष्टीस आलें. घाटावरचा पन्हाळा शिवछत्रपतींच्या नांवानें दुमदुमत होता. त्याच नांवाचें खालचें खेडें स्वतःचा इतिहास पोटांत घेऊन गप्प बसलें होतें. नामसाम्याचा खरा अन्याय हा आहे. चूक झाली म्हणून मोठ्या स्थळाचें फारसें बिघडत नाहीं; लहान स्थळ मात्र आपल्या हक्काच्या इतिहासाला मुकतें.

कऱ्हाडकरांनीं हा दाखला स्वतःच्या गांवालाही लावून पाहण्यासारखा आहे. भारहूतच्या स्तूपावरील लेखांत ‘करहकट’ येथील दानाचा उल्लेख आहे. महाभारताच्या सभापर्वांत सहदेवाच्या दिग्विजयांत करहाटक येतें. बिल्हणाच्या काव्यांत चालुक्य विक्रमादित्यानें वरिलेली चंद्रलेखा करहाटाच्या शिलाहार राजाची कन्या आहे. हे सारे उल्लेख आजच्या कराडचे आहेत असें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें सांगणें योग्यही आहे. पण तें केवळ नांव जुळतें म्हणून योग्य नव्हे. आगाशिवाच्या डोंगरांत साठांहून अधिक बौद्ध लेणीं आहेत, म्हणून भारहूतच्या दात्यांचें गांव येथें असणें संभवनीय ठरतें. शिलाहारांची सत्ता या भागांत होती, म्हणून चंद्रलेखेचें माहेर येथें शोभतें. नांवानें प्रश्न उभा केला. उत्तर लेण्यांनीं आणि लेखांनीं दिलें. उलट आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचें पाणी’ या आत्मचरित्राचें नुसतें नांव ऐकून त्याचा संबंध कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाशीं जोडणारा वाचक भेटतो, तेव्हां केवळ ध्वनीवर विसंबणें किती फसवें असतें तें कळतें. कऱ्हा ही सासवड-जेजुरीकडची नदी. कऱ्हाडास वाहतात त्या कृष्णा आणि कोयना.

नवल हें, कीं ज्या विवेकाची अपेक्षा ग्रंथकारांकडून करावी तो आमच्या खेडुतांनीं केव्हांच दाखविला आहे. कऱ्हाड तालुक्यांतच रेठरें बुद्रुक आणि रेठरें खुर्द आहेत. हे थोरले-धाकटे शब्द फारशींतून आले, आणि आयरिश लोकही ‘मोर’ व ‘बेग’ हे मोठ्या-लहानाचे शब्द याच कामीं लावतात. रेल्वे आली तेव्हां कोरेगांव तालुक्यांतील वाठार हें वाठार स्टेशन झालें आणि कऱ्हाडाजवळच्या वाठाराहून वेगळें ओळखूं येऊं लागलें. कोल्हापूरकडील तिसऱ्यास ‘तर्फ वडगांव’ हें शेपूट आहे. सर्वांत सुंदर उदाहरण देवांचें. तारळी नदीकांठचें पाल आणि सुधागड तालुक्यांतील पाली यांचीं नांवें षष्ठींत एकच होतात. परंतु ‘पालीचा खंडोबा’ म्हटल्यावर पौषाच्या यात्रेस निघालेला भाविक कोंकणांत उतरत नाहीं, आणि ‘पालीचा बल्लाळेश्वर’ म्हणणारा कऱ्हाडची वाट धरीत नाहीं. छापील इतिहासांत हींच विशेषणें फालतू समजून प्रथम गाळलीं जातात. नदी जाते, देव जातो, ‘खुर्द’ जातें, आणि उघडें नांव तेवढें उरतें.

आज हातांतल्या यंत्रावर मलकापूर असें लिहिलें, तर कऱ्हाडास लागून असलेलें, शाहूवाडीचें आणि बुलढाण्याचें अशीं तिन्ही एकदम पुढें येतात. हें यंत्र ठिकाण दाखवितें. जुन्या कागदांतील मलकापूर यांपैकीं कोणतें, हें त्याला सांगतां येत नाहीं. तें काम अभ्यासकाचेंच आहे. जिल्ह्यांच्या सीमा ओलांडून समनामक स्थळांचा एक मराठी कोश झाला पाहिजे: प्रत्येक नांवाखालीं त्या नांवाचीं सर्व गांवें, त्यांचा तालुका, नदी, ग्रामदैवत, आणि कागदांतील वा शिलालेखांतील सर्वांत जुना उल्लेख. तोंवर निदान एवढें व्हावें, कीं ऐतिहासिक पुस्तकांत स्थळाचें नांव प्रथम येईल तेथें त्याची नदी किंवा तालुका सांगितला जावा, आणि परीक्षण करणाऱ्यांनीं तो नसल्यास ही उणीव शुद्धलेखनाच्या चुकीइतकी तरी मोजावी. चार शब्द जास्त लागतील. पण पन्हाळ्याच्या छायेंत आठशें वर्षें राहिलेल्या पन्हाळ्यासारखीं आणखी किती खेडीं आपल्या नांवाची वाट पाहत असतील, याचा विचार केला तर ते चार शब्द महाग वाटूं नयेत.