चुंबकाचा ताळेबंद

गेल्या पावसाळ्यात बँकेच्या पायऱ्यांवरून घसरून मी उजवं मनगट मोडून घेतलं. ‘वीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही बँकेत केलेली ही पहिलीच जलद हालचाल,’ असं आमचे साहेब म्हणाले. यथावकाश प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी एका कागदावर व्यायाम लिहून दिले : मनगट वर, मनगट खाली, मूठ मिटा, मूठ उघडा, दिवसातून तीनदा. म्हणजे उपाय फुकटचा आणि कंटाळवाणा. असले उपाय सहसा कोणी करत नाही.

तेवढ्यात सोसायटीचे माजी सेक्रेटरी समाचाराला आले. पिशवीतून त्यांनी एक काळा मनगटपट्टा काढला. आत दोन चपटे लोहचुंबक.

‘‘रक्तात लोह असतं की नाही?’’

‘‘असतं,’’ मी कॉमर्सच्या पदवीला शोभेल इतक्या जपून म्हणालो.

‘‘झालं तर! चुंबक ते खेचणार, रक्ताभिसरण वाढणार, दुखणं जाणार, हात पहिल्यासारखा होणार. ८०० रुपये.’’

या युक्तिवादाची प्रत्येक पायरी मला भक्कम वाटली. पायऱ्यांच्या बाबतीत माझा अंदाज कसा असतो, ते वर आलंच आहे.

पट्टा बांधल्यावर चौथ्या दिवशी ठणका कमी झाला. आता चुंबक काम करतोय म्हटल्यावर मी कशाला करू? टेबलावर दुसरा माणूस बसला की आपण चहाला जायचं, ही आमची जुनी कार्यालयीन शिस्त. व्यायाम बंद पडले.

महिन्याने स्वतःच्याच खात्यातून पैसे काढायला गेलो. नव्या मुलीने चेक पाहिला, नमुन्याची सही पाहिली आणि चेक परत दिला. ‘‘काका, सही जुळत नाही.’’ आजवर शेकडो लोकांना मी हेच वाक्य ऐकवलं होतं. मनगट वळतच नव्हतं. सहीतलं माझं आडनाव नाल्यात पडलेल्या सायकलीसारखं दिसत होतं.

घरी आल्यावर पट्ट्यासोबतचं माहितीपत्रक मी प्रथमच हिशेबतपासनिसाच्या नजरेने वाचलं.

पहिली नोंद, रक्तातलं लोह. ते खिळ्यातल्या लोखंडासारखं नसतं. हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकाकडे जाण्याऐवजी किंचित दूरच सरतं. पत्रकात ८०० गॉस शक्तीची प्रौढी होती. एमआरआयचं नेहमीचं यंत्र १.५ टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉसचं असतं. त्यातून बाहेर आलेला कोणीही रक्त एका बाजूला गोळा होऊन कललेला दिसत नाही.

दुसरी नोंद, ‘प्राचीन परंपरा’. परंपरा आहे खरी, पण तपासणीचीही आहे. आधी लोहचुंबक वापरणारा मेस्मर पुढे ‘प्राणिचुंबकत्वा’ने पॅरिस गाजवू लागला, तेव्हा १७८४ साली राजाने चौकशी समिती नेमली. तीत फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता. निष्कर्ष : परिणाम कल्पनाशक्तीचा. पुढे रोगहारक म्हणून धातूच्या कांड्यांचं पेव फुटलं. १७९९ मध्ये इंग्लंडात बाथ गावी डॉक्टर हेगार्थने तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना बरं वाटलं!

तिसरी नोंद जमेची. ती दडपणं आमच्या धंद्यात बसत नाही. १९९७ साली ह्यूस्टनला पोलिओनंतरच्या वेदनांच्या ५० रुग्णांवर प्रयोग झाला. खोट्यापेक्षा खऱ्या चुंबकाने बऱ्याच जास्त जणांना आराम वाटला. पण २००३ मध्ये टाचदुखीच्या १०१ जणांना चुंबकी आणि साधे तळवे बुटांत घालायला दिले, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच. २००७ मध्ये अशा चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. वेदना कमी झाल्याचा पुरावा निघाला नाही. फक्त झिजेच्या संधिवातापुरती शंका बाकी राहिली.

आणि हाड जुळायला डॉक्टर कधीकधी जे विजेवरचं यंत्र देतात, त्यातलं चुंबकक्षेत्र सतत बदलतं असतं. तो खातेदार निराळा. आडनाव एक म्हणून त्याची शिल्लक याच्या खात्यात जमा करता येत नाही.

‘‘पण मला चौथ्या दिवशी बरं वाटलं, त्याचं काय?’’ मी मोठ्याने म्हणालो.

‘‘चुंबकामुळे?’’ स्वयंपाकघरातून आवाज आला. ‘‘ते मी तिसऱ्याच दिवशी काढून घेतलेत. पट्ट्यात तुमच्या लग्नातल्या कोटाची बटणं आहेत!’’

हेगार्थला पाच रुग्ण लागले. हिचं एकावर भागलं.

ठणका कमी व्हायचाच होता. प्लास्टर निघाल्यावर दिवसागणिक तो आपोआप उतरत जातो. श्रेय हजर असेल त्याच्या नावावर पडतं. ते ८०० रुपये मी बुडीत खाती टाकले. व्यायामाचा महिना मात्र कुठल्याच खात्यातून परत येईना. डॉक्टर म्हणाले, ‘‘सुटेल मनगट, पण आता जास्त दुखेल आणि जास्त वेळ लागेल.’’ चार महिने लागले. दुखलंही. परवा माझा चेक एकदाचा पास झाला.

‘‘आणि ते चुंबक?’’ मी हिला विचारलं होतं.

‘‘फ्रिजवर. डॉक्टरांचा व्यायामाचा कागद लावलाय त्यांनी. महिनाभर रोज पाण्याची बाटली काढताय, पण वर बघाल तर शपथ!’’